किंकाळीआधीची दीड फूट फिल्म

वाचकांचे प्रश्न, ऑपरेटरकाकांची उत्तरं

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की भुताच्या सिनेमापेक्षा त्याचा ट्रेलर जास्त घाबरवतो आणि त्याचं श्रेय भुताला नाही, कात्रीला आहे. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर निरोप आले, नव्या पेठेत एकाने भर रस्त्यात स्कूटर थांबवून विचारलं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न भयपटांच्या ट्रेलरवरचेच घेतलेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी सोलापुरातल्या एकपडदा थिएटरांत प्रोजेक्टर चालवायचो. सिनेमाचा अभ्यास वगैरे काही नाही. केबिनच्या खिडकीतून पडदाही दिसतो आणि प्रेक्षकांची डोकीही दिसतात, तेवढंच माझं भांडवल.

काका, मैत्रिणींनी जमून हॉररचे ट्रेलर बघणं हा आमचा आवडता उद्योग. सगळ्यांचा साचा एकच. नवं घर, लहान मुलगी, आपोआप लागणारं दार, मग शांतता आणि धाडकन काहीतरी. आम्ही आधीच ओरडतो, ‘आता येणार बघ!’ आणि तरी दचकतोच. साचा पाठ असून असं का होतं?
— कॉलेजची विद्यार्थिनी, सात रस्ता

साचा पाठ आहे म्हणूनच दचकता, पोरी. अडीच मिनिटांत घर दाखवायचं, माणसं ओळखीची करायची, त्यांच्यावर संकट आणायचं आणि वर तिकीटही विकायचं, हे साच्याशिवाय होणारं काम नाही. खुर्चीवरची बाहुली दोन सेकंद दाखवली की पुढचं तुम्हीच करता. ती मान वळवणार हे ट्रेलरने कुठे सांगितलेलं असतं? आजवर बघितलेल्या बाकीच्या बाहुल्यांनी सांगितलेलं असतं. घरभर खोकी म्हणजे हे लोक नुकतेच राहायला आलेत. कोपऱ्यात एकटीच बोलणारी मुलगी म्हणजे तिला कुणीतरी दिसतंय. ‘वारा असेल गं’ म्हणणारा नवरा म्हणजे शेवटपर्यंत विश्वास न ठेवणारा. फाटकाजवळचा म्हातारा रखवालदार म्हणजे ‘रात्री तिकडे जाऊ नका’. ही सगळी भीती तुम्ही घरून डब्यात घालून आणता, ट्रेलरवाला नुसतं झाकण उघडतो.

आता झाकण कधी उघडायचं, त्याची गंमत सांगतो. रिळांच्या काळात ट्रेलर छोट्या डब्यातून यायचा. सेकंदाला २४ चौकटी आणि एका फुटात १६, म्हणजे दीड फुटाला एक सेकंद. अडीच मिनिटांचा ट्रेलर झाला सव्वादोनशे फूट. मुख्य सिनेमाच्या पहिल्या रिळाला जोडण्याआधी मी तो टेबलावर दिव्यासमोर धरून हातांतून सोडायचो. कडेची भोकं फाटलीत का, जुना जोड उखडलाय का, एवढंच बघायचं असायचं. पण भयपटाचा ट्रेलर असा हातांतून गेला की त्याची सगळी युक्ती फुटपट्टीने मोजता यायची.

सुरुवातीचे तुकडे चांगले चार-चार, पाच-पाच फुटांचे. गाडी वळणावरून येते, मुलं अंगणात पळतात, आई पडदे लावते. मध्यावर तुकडे दोन फुटांवर येतात, दार, जिना, कडीवरचा हात. शेवटाकडे वीतभर, मग चार बोटं. सहा-सात चौकटींत एक चेहरा आला नि गेला. आणि मग काळं. दीड फूट, कधी दोन फूट, नुसती काळी फिल्म. तिच्यानंतर एकतर सिनेमाचं नाव, नाहीतर किंकाळी. अलीकडे दोन्ही. आधी नाव येतं, लोक सैल होतात, पाणी पितात, आणि नावानंतर शेवटचा एक दणका. तुमच्या पिढीला तोही पाठ झालाय म्हणा.

फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असायची. काळ्यावर एक पांढरी रेघ. शांत असेल तिथे दोऱ्यासारखी बारीक, आवाज चढेल तिथे दाते काढून फुगलेली. प्रोजेक्टरमध्ये चित्र भिंगासमोरून जातं आणि आवाज त्याच्या खाली, पुढच्या टप्प्यावर वाचला जातो. त्यामुळे कुठल्याही चित्राचा आवाज फिल्मवर त्या चित्राच्या २१ चौकटी आधी छापलेला असतो. आता जुळवून बघ. एक सेकंद काळं म्हणजे २४ चौकटी. म्हणजे किंकाळी फोडणारा चेहरा यायच्या आधी, त्या काळ्या चौकटींच्या कडेलाच किंकाळी छापून तयार असते. हॉलमध्ये चिडीचूप होणार असते त्या जागी, माझ्या अंगठ्याखाली, रेघ टम्म फुगलेली. बाकी ट्रेलर मी भराभर सोडायचो. या जागी हात थांबायचा.

तू विचारतेस, माहीत असूनही का? दचकणं हे विचारांचं खातंच नाही. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. हे मेंदूच्या तळाकडच्या भागातून होतं, तुला कळायच्या आत. ‘आता येणार’ हे तुझ्या डोक्याला ठाऊक असतं, मानेला नसतं. उलट आधीच भीती वाटत असली, अंधार असला, तर हा झटका आणखी जोरात बसतो, असं प्रयोगांत दिसलंय. मग बाहुली, अंधारा जिना, एकटी मुलगी कशासाठी, ते लक्षात आलं? दणका पडण्याआधी तुम्हाला ताणून ठेवायला. आणि आणखी एक बारीक गोष्ट. मोठ्या आवाजाच्या आधी, जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढं आधी, एखादा हलका आवाज कानावर पडला, तर दचकणं कमी होतं. म्हणून दणक्याआधी निखळ शांतता लागते. घड्याळाची टिकटिकसुद्धा आधी थांबवतात. पुढचा ट्रेलर बघशील तेव्हा टिकटिक थांबते ती जागा पकड.

केबिनमधून मी हे रोज बघायचो. एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा आलेला माणूस ओळखू यायचा. शेजाऱ्याला कोपराने ढोसून ‘आता बघ बे’ म्हणायचा, आणि शेजाऱ्याच्या बरोबरीने स्वतःही उडायचा. मग दोघं हसायचे. पुढच्या रांगांतून येणारं ते हसू भीतीचंच असतं. बाल्कनीतले हसत नाहीत, खोकतात.

पण नुसता दणका ही कमी दर्जाची कारागिरी, असं माझं मत आहे. कुणीही पातेलं आपटलं तरी माणूस दचकतो. चांगला कापणारा तुमचा पाठ झालेला साचा वापरून तुम्हाला चुकीच्या जागी उभं करतो. १९४२च्या ‘कॅट पीपल’ या सिनेमात रात्री एकटी बाई रस्त्याने जाते, मागे कुणीतरी आहे, श्वापद झेप घेणार असं वाटतं, आणि फिस्सकन आवाज होतो तो समोर येऊन थांबलेल्या बसचा. ही खोटी भीती तेव्हापासून सगळे वापरतात. आधी बस किंवा मांजर दाखवून तुमचा श्वास सोडवायचा आणि सुटल्या श्वासावर खरं ते आणायचं. २०१३च्या ‘द कॉन्ज्युरिंग’च्या ट्रेलरमध्ये आई तळघराच्या जिन्यावर काडी पेटवून बसते आणि तिच्या मागच्या अंधारातून दोन हात येऊन टाळी वाजवतात. चेहरा नाही, रक्त नाही, कर्कश किंचाळी नाही. टाळी! आधी त्याच ट्रेलरमध्ये मुलांचा डोळे बांधून टाळीचा खेळ दाखवून ठेवलेला असतो, म्हणून ती टाळी लागते. कात्री चालवणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडले मी.

ऑपरेटरसाहेब, आमचं सगळं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. कान तयार आहेत. तरी हल्ली थिएटरात भुताच्या ट्रेलरचा आवाज सहन होत नाही. नातवंडांसोबत गेलो की मी कानांत बोटं घालून बसतो. एवढा आवाज ठेवायला परवानगी असते का?
— एक कारखानदार, अशोक चौक

अण्णा, मागाचा आवाज मोठा असला तरी तो सारखा असतो. कान त्याला सरावतो. ट्रेलरचा आवाज लपून बसतो आणि अंगावर येतो, फरक तिथे आहे.

परवानगीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांनी स्वतःच एक मर्यादा घालून घेतली आहे, ८५ डेसिबल. पण ती मोजायची रीत ऐका. संपूर्ण ट्रेलरची सरासरी काढतात. कानाला टोचणाऱ्या पट्टीतल्या आवाजाला जास्त वजन देतात, तरी शेवटी सरासरीच. म्हणजे मारामारीच्या सिनेमाचा ट्रेलर पहिल्यापासून गडगडत असेल तर त्याला कुठेच फार वर जाता येत नाही. भयपटवाला मात्र अर्धा वेळ कुजबुजतो, पावलं वाजवतो, काळं दाखवतो. त्या शांततेत वाचवलेलं सगळं तो दोन-तीन दणक्यांवर उधळतो. सरासरी नियमात, तुमचे कान पंचायतीत.

त्यात आपल्याकडचा गोंधळ. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर आकड्यांचं बटण असतं आणि सात नंबरला सिनेमा बनवणाऱ्यांच्या मनासारखा आवाज मिळतो. ट्रेलरला लोक ओरडले की ऑपरेटर ते पाचावर आणतो. मग मुख्य सिनेमा लागतो, संवाद ऐकू येत नाहीत, आता बाल्कनीतून ‘आवाऽऽज’. वर न्या, खाली आणा, आमची निम्मी नोकरी यातच जायची. तुम्ही इंटरव्हलमध्ये मॅनेजरला सांगा, बिनधास्त सांगा. आणि नातवंडांच्या देखत कानात बोटं घालायची लाज नको. मीही घालतो.

मी एका भयपटाचा ट्रेलर बघून गेलो. त्यातलं विहिरीतून हात वर येण्याचं दृश्य बघायला म्हणून चौघांचं तिकीट काढलं. सिनेमात ते दृश्यच नव्हतं! ही उघड फसवणूक आहे. ग्राहक मंचात जाऊ का?
— संतप्त प्रेक्षक, विजापूर वेस

जाण्याआधी हे वाचा. २०१६ साली ‘फॅन’ नावाच्या हिंदी सिनेमाच्या जाहिरातीत एक गाणं जोरात वाजत होतं आणि सिनेमात ते नव्हतं. तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेने तक्रार केली. राज्य ग्राहक आयोगाने निर्मात्यांना सांगितलं की या बाईंना १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्या, राष्ट्रीय आयोगानेही ते उचलून धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४मध्ये न्यायालयाने ते आदेश रद्द केले. ट्रेलर म्हणजे तिकीट घ्यायला उत्तेजन देणारी जाहिरात, त्यातलं सगळं सिनेमात असेलच असं ते वचन नाही, असा त्याचा सारांश. तेव्हा विहिरीतल्या हातासाठी वकिलाला पैसे देऊ नका.

मला विचाराल तर भयपटाच्या ट्रेलरने थोडं खोटं बोलावंच. सगळं खरं सांगितलं तर आत बघायला काय उरलं? १९६०च्या ‘सायको’चा ट्रेलर शोधून बघा. सहा मिनिटांहून मोठा. स्वतः दिग्दर्शक हिचकॉक आपल्याला सिनेमातल्या मोटेलातून नि घरातून फिरवतो, घर विकायला आलेल्या दलालासारखा. इथे फार वाईट झालं, या जिन्यावर तर विचारू नका, असं करत करत न्हाणीघरात येतो आणि पडदा सर्रकन ओढतो. बाई किंचाळते. ती किंचाळणारी नटी आहे व्हेरा माइल्स, डोक्यावर केसांचा टोप घातलेली. सिनेमात त्या पडद्याआड जिचा खून होतो ती जॅनेट ली. ट्रेलरसाठी बाईच बदलली! घरभर फिरवलं आणि नेमकं जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं नाही.

तुमच्या बाबतीत मात्र दुसरी शंका येते. ट्रेलर बऱ्याचदा सिनेमा पुरा व्हायच्या आधी, मिळेल त्या चित्रीकरणातून कापतात. मग सिनेमा फार मोठा झाला की दृश्य उडतं. विहिरीतला हात असाच कुठेतरी टेबलाखाली पडला असेल.

मुलाला कार्टूनचा सिनेमा दाखवायला नेलं, तर आधी भुताचा ट्रेलर लागला. मुलगा सात वर्षांचा. त्या रात्री तो दिवा मालवू देईना. थिएटरवाल्यांना काही नियम आहेत की नाही? आणि त्याची भीती कशी घालवू?
— एक आई, जुळे सोलापूर

ताई, नियम आहेत. थिएटरात लागणाऱ्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. ट्रेलर सुरू व्हायच्या आधी क्षणभर तो कागद दिसतो, त्यावर वर्ग लिहिलेला असतो. ‘ए’ असेल तर तो मुलांसमोर लावणं बेकायदाच. घोटाळा ‘यूए’चा आहे. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. यूए म्हणजे मुलाला दाखवायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं. पण सिनेमा तुम्ही निवडता, ट्रेलर तुम्हाला विचारून लागत नाही. मग ठरवायचं कधी? ही फट कागदावर बुजलेली नाही, ती थिएटरवाल्याच्या अकलेवर सोडलेली आहे.

आणि अक्कल जगात सगळीकडे सारखीच. २०१८ साली ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या एका थिएटरात ‘पीटर रॅबिट’ या सशाच्या सिनेमाआधी चुकून ‘हेरेडिटरी’ या भयपटाचा ट्रेलर लागला. आईबाप पोरांचे डोळे-कान झाकत बाहेर पळाले. रिळं असताना ही चूक व्हायची तर ऑपरेटरला स्वतःच्या हाताने चुकीची फिल्म जोडावी लागायची. आता संगणकावरच्या यादीत एका ओळीची गफलत पुरते.

मॅनेजरकडे लेखी तक्रार द्या, सिनेमाचं नाव, शोची वेळ आणि ट्रेलर कोणता ते लिहून. पुढच्या वेळी दहा मिनिटं उशिरा आत जा.

मुलाचं म्हणाल, तर ‘भूत नसतं रे’ एवढ्यावर त्याचं भागणार नाही. त्याला ते कसं करतात ते दाखवा. दिवसाढवळ्या, मोबाईलवर, आवाज पूर्ण बंद करून तोच ट्रेलर त्याला बघायचा असेल तरच दाखवा. केबिनमध्ये आमच्या कानाशी लहानसा स्पीकर असायचा, तो बंद केला की भयपट म्हणजे नुसती तोंडं वासणारी माणसं. मग त्याला म्हणा, आता तू आवाज काढ. पातेलं, झाकण, काय हवं ते घेऊ दे. नको म्हणाला तर विषय सोडा आणि थोडे दिवस दिवा चालू ठेवा. विजेचं बिल फार येत नाही.

मराठी आणि हिंदी भुतं पांढरी साडी, पैंजण, मोकळे केस, काळी बाहुली, लिंबू-मिरची यातून बाहेर कधी येणार?
— वाचक, अकलूज

तुमच्या गावाकडूनच आली की बाहेर! २०१७चा ‘लपाछपी’ आठवा. दिग्दर्शक विशाल फुरिया, पुढे त्यांनीच २०२१मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला. गरोदर बाई, एकटं घर आणि चहूकडे ऊस. इंग्रजी सिनेमाला मक्याचं शेत, आपल्याला ऊस, आणि आपल्या जिल्ह्यात उसाला काय तोटा! पुरुषभर उंच पीक, पाच पावलांवरचं दिसत नाही, आणि वारा नसला तरी आत काहीतरी सळसळतं. शहरातल्या प्रेक्षकाला त्यात भूत दिसतं. तुम्हाला साप, रानडुक्कर, नाहीतर पाण्याची पाळी घेऊन बसलेला भाऊबंद दिसत असणार. पण भर उन्हात, हिरव्यागार शेतात भीती वाटू शकते हे त्याने दाखवलं. पांढऱ्या साडीला अंधार लागतो. उसाला लागत नाही.

पैंजणांना मात्र मी निवृत्त करणार नाही. ट्रेलरमध्ये एका छुमकन आवाजात बाई आहे, चालतेय, दिसत नाही, हे सगळं सांगून होतं. चार चौकटींचं काम. लिंबू-मिरची खुशाल जाऊ द्या.

तुम्हाला स्वतःला सगळ्यांत आवडलेला भयपटाचा ट्रेलर कोणता?
— पोस्टकार्डावर एकच ओळ, सही नाही

१९८०च्या ‘द शायनिंग’चा पहिला. मी तो फार उशिरा, नातवाच्या मोबाईलवर बघितला. हॉटेलातल्या लिफ्टची दोन बंद दारं. कॅमेरा हलत नाही. नावं खालून वर सरकतात, मागे एक विचित्र स्वर चढत जातो. मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा. संपलं. वर मी तुकडे आखूड होत जातात म्हणून केवढं व्याख्यान दिलं, आणि इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही काप नाही! घर नाही, मुलगी नाही, बाहुली नाही. साचा बाजूला ठेवायला अशी छाती लागते.

दुसरा क्रमांक २००९ साली गाजलेल्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चा. त्यात पडद्याइतकाच हॉल दाखवला होता. अंधारात टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले, खुर्चीत दचकणारे, एकमेकांना धरणारे प्रेक्षक. म्हणजे मी इतकी वर्षं केबिनच्या खिडकीतून जे फुकट बघत होतो, ते त्यांनी जाहिरात म्हणून विकलं.

काका, आम्ही चार मित्रांनी मोबाईलवर बारा मिनिटांचा हॉरर लघुपट केलाय. बंद पडलेल्या गिरणीसारख्या एका जुन्या शेडमध्ये शूट केलं. एका मागाचा आवाज रात्री आपोआप सुरू होतो, अशी गोष्ट. आता यूट्यूबसाठी ट्रेलर कापायचाय. काय करू, काय नको?
— साखर पेठेतला एक होतकरू दिग्दर्शक

गोष्ट झकास आहे. मागाचा आवाज सोलापुरात कुणाला ऐकवायची गरज नाही, त्यामुळे तो थांबला की काय वाटतं तेही प्रत्येकाला ठाऊक. लाइट गेल्यावर सगळे माग एकदम गप होतात, ती शांतता आठव. तुझा ट्रेलर तिथेच आहे. खडखडाटाने सुरू कर, लोकांचे कान सरावू देत, आणि मध्येच तोड. पुढच्या दोन-तीन सेकंदांत संगीत घालायचा मोह होईल. घालू नकोस. मग एकटा एक माग, लांबून, हळू.

भूत दाखवायचंच नाही. तुमच्याकडे मेकअपला पैसे नसणार, आणि असते तरी हेच सांगितलं असतं. आडवा धागा घेऊन धावणारा मागाचा धोटा दाखव, चालवणारा हात दाखवू नकोस.

यूट्यूबवर हल्ली ट्रेलरच्या तोंडाला पाच सेकंदांचा आणखी एक ट्रेलर चिकटवतात, सगळ्यांत जोरदार तुकड्यांचा, लोक पुढे ढकलतील या धास्तीने. भयपटाला तो मारक आहे. पहिल्या पाच सेकंदांत दणका देऊन बसलास तर पुढे ताण कशाचा बांधणार? शिवाय लोक मोबाईलवर बघणार, बसमध्ये, उजेडात. थिएटरात पडदा काळा झाला की अख्खा हॉल काळा होतो, शेजारी कोण आहे तेही क्षणभर विसरायला होतं. मोबाईलवर काळं केलंस तर काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. म्हणून काळं आखूड ठेव, अर्धा-पाऊण सेकंद, आणि ताण आवाजावर बांध. बरेच जण कानात इअरफोन घालतात. कुजबुज एकाच कानात दे.

संवाद आपल्याच भाषेत राहू दे. पण ‘कोण हाय बे तिकडं?’ हे वाक्य चौघांना ऐकवून बघ. हसले तर तेच ठेव आणि हसू संपायच्या आत पुढचा तुकडा आण. हसताना माणूस सगळ्यांत बेसावध असतो. न हसता नुसते बघत राहिले तर बदल.

नेटवरून कुणाचंही संगीत उचलू नकोस, हक्काचा दावा आला की व्हिडिओ बंद पडतो. मागाचा आवाज तुम्हीच रेकॉर्ड केलेला असेल तर तेवढा पुरे. तो निम्म्या वेगाने वाजवून बघ, काय मिळतं ते.

कापून झाला की आधी आवाज बंद करून बघ, मग डोळे मिटून नुसता ऐक. दोन्ही वेळा कंटाळा आला तो भाग काढ. आणि एका मिनिटाच्या वर नको, लघुपटच बारा मिनिटांचा आहे.